धाकूने ओ दिली नाही

भाईंदरजवळच्या मोरव्यात राघो पाटलाच्या घरात बाईमाणूस नव्हतं. बायको बाळंतपणात गेली तेव्हा धाकू जेमतेम दहा-अकरा वर्षांचा. राघो पहाटे मिठागरावर जायचा तो उन्हं कलल्यावर परत यायचा. त्याला भाकरी कोण देणार? धाकूच चुलीपुढे बसला. तांदळाची भाकरी हातावर थापायला शिकला, खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण करायला शिकला, आणि वर्षभरात असा हात बसला की राघो चार गड्यांना मुद्दाम घरी जेवायला आणू लागला. बाप खूश होता. पण गावातल्या पोरांनी धाकूचं नाव ‘बायल्या’ ठेवलं. तळ्यावर पोहायला गेला की पोरं म्हणत, "जा, तुझी भाकर करपंल." तो हसण्यावारी न्यायचा आणि मनातून जळायचा. लुगडं न नेसता आपण बाई झालोत, असं त्याला वाटायचं. ते वाटणं पुढे मिसरूड फुटलं तरी गेलं नाही.

चीनची लढाई संपली त्या हिवाळ्यात ठाण्याला विमानदलाची भरती निघाली. धाकू राघोला म्हणाला, "बाबा, मी जातंव." राघोने पाठीवर थाप मारली. त्याला पोराला मिठागरावर जुंपायचं नव्हतंच.

भरतीच्या ठिकाणी कागद पुढे आला तो इंग्रजी. धाकू मराठी चौथीपर्यंत गेलेला. त्याने कागद उलटा-सुलटा केला आणि परत दिला. तिथला अंमलदार उत्तरेकडचा होता. पोरगा हाडापेराने चांगला दिसला म्हणून त्याने सहज विचारलं, "खाना बनाना आता है?"

धाकूने मागे वळून पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं. तो हळूच म्हणाला, "आता है."

अशा रीतीने धाकू विमानदलात लांगरी झाला. लांगरी म्हणजे लष्करी स्वयंपाकी. कपडे खाकी मिळाले, टोपी मिळाली, आणि पंजाबातल्या एका तळावर रवानगी झाली.

तो तळ काही मुळापासून तळ नव्हता. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी गव्हाची शेतं सपाट करून तिथे धावपट्टी ओतली होती. लढाई संपली, इंग्रज गेले, आणि पंधरा वर्षं त्या पट्टीवर आसपासच्या गावांची गुरं बसत, बाया गोवऱ्या वाळत घालत. बासष्टनंतर सरकारला तिची आठवण झाली. पट्टी लांबवली, आणखी शेतं घेतली, कुंपणं घातली. भटारखान्यात दूध घालायला एक म्हातारा सरदार यायचा. तो रिकामी किटली खाली ठेवून धावपट्टीच्या टोकाकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "वहाँ मेरा कुआँ था." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा धाकूला वाईट वाटलं. नंतर रोजचंच झालं.

पहिल्या सुट्टीवर धाकू भाईंदर स्टेशनात उतरला तो खाकी कपड्यांत. मोरव्यापर्यंत चालत आला, तोवर बातमी त्याच्या पुढे पोचली होती. राघो अंगणात उभा होता आणि भोवती गाव. कुणीतरी विचारलं, "धाकू, इमानावर हायस ना रे?"

धाकू म्हणाला, "तळावर हाय."

"म्हंजे इमानावरच," राघो म्हणाला, आणि लोकांनी माना डोलावल्या.

तेवढ्याच क्षणी ‘नाही’ म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. धाकू गप्प राहिला. खोटं तो बोलला नव्हता, असं त्याने स्वतःला त्या दिवशी समजावलं. पुढच्या वर्षी शेजारच्या राई गावच्या बाबाजी म्हात्र्याने आपली सुलू त्याला दिली, ती ‘इमानवाला जावई’ म्हणून. तेव्हाही धाकू गप्पच होता.

तळावर त्याला एक माणूस आपल्या मुलखाचा भेटला, तोही असाच अवचित. एकदा पिठाचं पोतं पायावर पडलं आणि धाकूने अस्सल मोरव्याची शिवी हासडली. रांगेत ताट घेऊन उभा असलेला एक उंच, सावळा जवान खो खो हसला. "आरं, तू भायंदरचा हायस?" त्याने विचारलं. तो ह्युबर्ट नावाच्या उत्तनच्या नाखव्याचा मुलगा, हेन्री. चर्चच्या शाळेत मॅट्रिक झालेला आणि विमानांच्या इंजिनांवर काम करणारा. उत्तनची बस मोरव्यावरूनच जाते, म्हणजे तो शेजारीच म्हणायचा. त्या दिवसापासून हेन्री जेवण झालं की भटारखान्याच्या पायरीवर येऊन बसायचा. दोघं बोंबलाचं नाव काढून उसासे टाकायचे. धाकू त्याच्यासाठी कधी तांदळाचं पीठ मिळवून एखादी भाकरी थापायचा. पंजाबात भाकरीला समुद्राचा वास कुठून येणार, पण हेन्री डोळे मिटून खायचा.

पासष्टच्या लढाईत त्या तळावर हल्ले झाले. उघड्यावर उभी असलेली विमानं जळली. एका संध्याकाळी एक विमान टाकी फुटलेल्या अवस्थेत परत आलं. इंधन गळत होतं, आणि भोंगा वाजत असतानाच हेन्री आणि त्याच्या दोन साथीदारांनी ते ढकलत झाडाखाली नेलं आणि तिथेच दुरुस्तीला घेतलं. सकाळी ते विमान पुन्हा उडालं. हेन्रीने ही हकिगत पायरीवर बसून दोन वाक्यांत सांगितली होती आणि मग विचारलं होतं, "चहा हाय का?"

त्या हिवाळ्यात दोघांना एकाच वेळी सुट्टी मिळाली. मोरव्याच्या शाळेच्या मैदानात सत्कार ठरला. टेबलावर चादर, दोन हार, दोन नारळ. उत्तनहून हेन्री आपली आई ज्युलियाना हिला घेऊन आला होता. राघो पहिल्या रांगेत बसला होता, धुतलेलं बंडी-धोतर घालून. बाबाजी त्याच्या शेजारी, आणि बायकांत सुलू. शाळेचे हेडमास्तर म्हणाले, "आता आपले धाकू पाटील युद्धाचा अनुभव सांगतील."

धाकू उठला. आपल्याला बोलावं लागेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. समोर ते सगळे चेहरे होते. बायल्या म्हणणारी पोरं आता बाप्ये झाली होती, आणि तीही वर तोंड करून बघत होती. धाकूच्या तोंडून शब्द निघाला, "एक इमान आलं, टाकी फुटलेलं." आणि मग थांबता येईना. भोंगा, गळणारं इंधन, झाडाखालचा अंधार, सकाळी उडालेलं विमान. सगळं त्याने सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. फक्त हेन्रीच्या जागी तो स्वतः होता. टाळ्या पडल्या. राघो डोळे पुसत होता. हेन्री शेजारच्या खुर्चीवर हातात नारळ धरून बसला होता, आणि त्यानेही टाळ्या वाजवल्या.

खाली बसताना धाकूला हेन्रीकडे बघता येईना. हेन्रीची पाळी आली तेव्हा तो उठून एवढंच म्हणाला, "धाकूनं सगळं सांगितलंच हाय," आणि बसला.

कार्यक्रमानंतर बसची वाट बघत दोघं रस्त्याकडेला उभे होते. ज्युलियाना पुढे बायकांशी बोलत होती. धाकू म्हणाला, "हेन्री, मना तसं बोलायचं न्हवतं रे."

"गोष्ट माझी व्हती," हेन्री म्हणाला. "पण तू माझ्यापेक्षा चांगली सांगितलीस." मग म्हणाला, "बायकोला तरी खरं सांग. ती तुझ्याबरोबर ऱ्हानार हाय, गाव न्हाय."

धाकूने मान हलवली. सुलूला त्याने काही सांगितलं नाही.

त्यानंतर हेन्रीची बदली झाली. धाकू तिथेच राहिला. पासष्टात विमानं उघड्यावर जळली म्हणून आता जाड भिंतींचे, मातीने झाकलेले निवारे बांधले गेले. एकेका निवाऱ्यात एकेक विमान. निवाऱ्यांच्या कडेला खंदक खणले. सरदाराच्या विहिरीवर तर आता तीन हात सिमेंट होतं, आणि म्हातारा दूध घालायचा बंद झाला होता. त्याचा मुलगा यायचा आणि तो काही बोलायचा नाही. दर सुट्टीत मोरव्यात धाकूला ती टाकी फुटल्याची गोष्ट सांगावी लागे. तो टाळायचा, तर राघोच सांगायचा, त्यात आणखी दोन बॉम्ब घालून. मिठागरावरच्या प्रत्येक गड्याला ती पाठ झाली होती. धाकू जेवत्या ताटावर मान खाली घालून बसायचा. लोक म्हणत, "बगा, किती इनयशील हाय."

सत्तर साली हेन्री बदली होऊन परत त्याच तळावर आला. आता तो कॉर्पोरल होता. भटारखान्याच्या पायरीवर येऊन बसला, आणि जणू काल उठून गेला होता अशा सुरात म्हणाला, "चहा हाय का?" सत्काराचा विषय त्याने काढला नाही.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली. पहिल्याच संध्याकाळी धाकू सायकलवर चहाची किटली बांधून लांबच्या निवाऱ्याकडे निघाला होता. तिथे हेन्रीची टोळी कामावर होती. सूर्य बुडायच्या बेतात होता. निवारा समोर दिसत होता, हेन्री दाराशी उभा राहून हात पुसत होता, आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

"इकडं ये," हेन्री ओरडला. "हितं खंदक हाय."

हेन्रीचा खंदक जवळ होता. भटारखान्याकडचा लांब. पण धाकूच्या पायांना तेवढी अक्कल राहिली नव्हती. त्याने सायकल रस्त्याच्या मधोमध टाकली आणि तो आला तसा उलटा पळत सुटला. विमानं डोक्यावरून गेली. जमीन हादरली. धाकू वाटेतल्या कुठल्यातरी खंदकात कोसळला आणि गुडघ्यांत डोकं घालून बसला. कानांत शिट्टी वाजत होती. धूर, माती आणि तोंडात रक्ताची चव. जीभ चावली गेली होती.

मग क्षणभर शांतता झाली. त्या शांततेत त्याला हाक ऐकू आली.

"धाकू. आरं धाकू."

हेन्री बाहेर आला होता. रस्त्यावर पडलेली सायकल आणि सांडलेला चहा त्याला दिसला असणार. धाकू तिथेच कुठेतरी पडलाय, असं त्याला वाटलं असणार.

"धाकू, कुठं हायस? ओ दे."

धाकूने ऐकलं. अगदी स्वच्छ ऐकलं. त्या परमुलखात, त्या धुरात, मोरव्याच्या रस्त्यावर मारावी तशी ती हाक होती. एक ‘ओ’ दिली असती तर हेन्री मागे फिरला असता. डोकंही वर काढावं लागलं नसतं. पण त्या वेळी धाकूला असं वाटलं की तोंड उघडलं तर वरून विमानाला ऐकू जाईल. वेड्यासारखं होतं ते, पण तसं वाटलं खरं. त्याने मुठीने स्वतःचं तोंड दाबून धरलं. हाक आणखी एकदा आली, जरा जवळून. मग विमानं परत आली.

हेन्रीचा उजवा पाय गुडघ्याखालून तुटला. त्याला उचलून नेलं तेव्हा तो बेशुद्ध होता. धाकू खंदकातून बाहेर आला तेव्हा कुणी त्याच्याकडे बघितलंही नाही. लांगरी खंदकात होता, भोंगा वाजल्यावर माणसाने खंदकातच असायला हवं. कायद्याने त्याचं काही चुकलं नव्हतं. कुणी जाब विचारला असता तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे किती वेळा वाटलं. कुणीच विचारलं नाही. त्या रात्री त्याने दोनशे माणसांसाठी डाळ-भात केला आणि स्वतः पाणी पिऊन झोपला.

तळावरच्या दवाखान्यात हेन्री काही दिवस होता. धाकू रोज काम आटोपून दाराबाहेरच्या बाकावर येऊन बसायचा. आत जायचा नाही. पाळीवरची नर्स म्हणायची, "अंदर जाओ ना." तो म्हणायचा, "बाद में." एके दिवशी आला तर खाट रिकामी होती. हेन्रीला मोठ्या इस्पितळात हलवलं होतं.

लढाई जिंकली. मोरव्यात पुन्हा सत्कार ठरवत होते. धाकूने सुट्टीच घेतली नाही. त्र्याहत्तरला त्याची मुदत भरली तेव्हा त्याने ती वाढवून घेतली नाही, आणि गुपचूप घरी आला. हेन्री त्याच्या आधीच नकली पाय लावून उत्तनला परतला होता. घरापुढच्या मांडवात तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, असं लोक सांगायचे. उत्तन मोरव्याहून काही लांब नाही. धाकू वाटेतल्या डोंगरी गावाच्या पुढे कधी गेला नाही.

मग हेन्रीची बहीण सेलीन हिचं लग्न निघालं. आमंत्रण द्यायला ज्युलियाना स्वतः मोरव्याला आली. म्हातारी ओट्यावर बसली, सुलूच्या हातचं पाणी प्याली आणि धाकूला म्हणाली, "तू माझ्या पोराचा दोस्त. तू न्हाय आलास तर मांडव सुना वाटंल." धाकूने काहीतरी कारण पुढे केलं. सुलू मध्येच म्हणाली, "येतंव आमी, मावशी."

लग्नात बँड होता, मैद्याच्या तळलेल्या फुग्यांचे ढीग होते. हेन्रीने धाकूला लांबून पाहून हात वर केला. धाकूनेही केला, आणि गर्दीत मागे सरला. पण हेन्रीचे तळावरचे दोन सोबतीही आले होते. त्यातला एक धिप्पाड सार्जंट फुगा खाता खाता थबकला.

"ओए लांगरी," तो तोंडभर हसून ओरडला. "तू इधर? अरे भाई, ये वो आदमी है जिसने हमको नौ साल दाल खिलाई."

त्याने मायेने धाकूला मिठीच मारली. त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. तो सगळ्यांना सांगत सुटला की, याच्या हातच्या पराठ्यांना तोड नाही, भटारखाना यानेच सांभाळला. मोरव्याहून आणि राईहून आलेली दहा-बारा माणसं तिथेच पंगतीत होती. कुणाचा घास हातात राहिला. सुलूने धाकूकडे पाहिलं. धाकूचे कान पेटले होते, आणि सार्जंटचा हात त्याच्या खांद्यावर तसाच होता.

परतताना बस आली नाही म्हणून दोघं चालत निघाली. सुलू पुढे, धाकू मागे. ती डोंगरीचा चढ चढून गेली. मग थांबली.

"धा वर्सं मी तुमाला रांधून घातलं," ती म्हणाली. "तापानं फणफणले तरी उठून रांधलं. तुमी पानावर बसून ऱ्हायलात. येक दिस तरी बोलायचं व्हतं, सुलू, आज मी करतंव."

धाकू तिच्या मागून उतार उतरू लागला.

गाव आठ-पंधरा दिवस हसलं. नाक्यावर कुणी म्हणे, "धाकू, इमानात फोडणी कशी देत्यात रं?" बाबाजी म्हणाला, "पोर तर आता दिलीच हाय." हे सगळं सोसण्यासारखं होतं. लागलं ते बापाचं. राघोने स्वयंपाकाबद्दल एक शब्द काढला नाही. उलट तो म्हणाला, "रांधायची लाज कसली? तू रांधलंस म्हनून मी जगलो." मग बोटांत विडी फिरवत म्हणाला, "ती टाकी फुटल्याची गोष्ट कोनाची मंग?"

"हेन्रीची."

राघोने विडी पेटवली नाही. दुसऱ्या दिवसापासून तो संध्याकाळी नाक्यावर बसायचा बंद झाला. ज्या ज्या गड्याला त्याने ती गोष्ट सांगितली होती, त्या प्रत्येकाला समोरून येताना पाहिलं की म्हातारा वाट बदलायचा. बाप आपल्या पायी तोंड चुकवत फिरतोय, हे धाकू रोज बघत होता.

लोकांना वाटलं, धाकू मान खाली घालून चालतो ती लांगरीपणाच्या लाजेने. त्याच्या लाजेचं खरं कारण गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते ज्याला सांगायला हवं असा एकच माणूस होता. पावसाळा संपल्यावर एका रविवारी धाकू त्याच्याकडे गेला.

हेन्री मांडवात स्टुलावर बसून इंजिन पुसत होता. नकली पाय काढून बाजूला भिंतीला टेकवला होता. धाकूने आधी त्या पायाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"हेन्री, तू हाक मारलीस ती मी ऐकलेली," तो म्हणाला. "मी ओ दिली न्हाय."

हेन्रीचं फडकं थांबलं नाही. "ठावं हाय."

"कसं?"

"शुद्धीवर आलो तवा पैलं नर्सला इचारलं, धाकू जगला का? ती बोलली, लांगरी ना, त्याला काय झालं न्हाय, तो रोज भायेर बसून ऱ्हातो, आत येत न्हाय." हेन्रीने फडकं खाली ठेवलं. "मंग मी पडल्या पडल्या इचार केला. तू लपलास तो खंदक काय लांब न्हवता, हाक तुला ऐकू आली असनार."

धाकूने विचारलं, "राग आला?"

"आला. अजून येतो. जो पाय न्हाय तोच दुखतो, तवा तुझं नाव घेऊन शिव्या देतो."

"मंग बोल्लास का न्हाईस कोनाला?"

हेन्रीने आत स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे ज्युलियाना मासे साफ करत होती. "म्हातारी तुला शाप देईल आनि मंग दर रविवारी कन्फेशनला जाऊन रडंल. तिला कशाला?"

धाकू म्हणाला, "मना माफ कर."

"आज न्हाय जमत," हेन्री म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. इंजिनाचा एखादा भाग मिळत नाही हे सांगावं तसं त्याने सांगितलं. "बोललो तर खोटं व्हईल. खोटं आपन लय केलं." मग इंजिनाकडे बोट करून म्हणाला, "आता आलायस तर हे उचलू लाग. मना येका पायावर उचलत न्हाय."

धाकूने इंजिन उचललं.

पुढे भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात कँटीन निघाली, तिथे धाकू स्वयंपाकी म्हणून लागला. मिलिटरीत काय होतास असं कुणी विचारलं, तर तो ‘लांगरी’ म्हणून सांगायचा, आणि ते सांगताना त्याला आता काही वाटत नसे. घरीही सणासुदीला तो चुलीपुढे बसायचा. सुलू शेजारी बसून मीठ जास्त झालं म्हणून त्याला बोल लावायची. लढाईत काय केलंस असं विचारलं, तर म्हणायचा, "खंदकात व्हतो." लोक हसायचे आणि विषय तिथेच संपायचा.

दर रविवारी तो उत्तनला जाई. जड इंजिनं हलवी, पाना हातात देई, सांगेल ते करी. ती माफीची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही आणि हेन्रीनेही काढली नाही. कधी हेन्री हसून बोले, कधी दिवसभर तोंड फिरवून बसे. ज्या दिवशी तोंड फिरवे त्या दिवशी पाय दुखत असणार, हे धाकू ओळखी आणि जास्त काम करी.

संध्याकाळी निघताना ज्युलियाना दारात यायची. वाळलेले बोंबील, नाहीतर ताजा पापलेट फडक्यात बांधून त्याच्या हातात कोंबायची. तो नको नको म्हणायचा. "घे रे," ती म्हणायची, "माझ्या पोराला येवढा जीव लावनारा दुसरा कोन हाय?" हेन्री मागे स्टुलावर बसून ऐकत असायचा. धाकू ती पुरचुंडी घेऊन खाली मान घालून बसमध्ये बसायचा, आणि मोरवा येईपर्यंत ती मांडीवर न ठेवता दोन्ही हातांत धरून असायचा.